चिन्हाखालची चीर

भाचीचा निरोप आला तेव्हा ताई तेल गाळत होत्या. मागची गॅलरी, जिथे इतर बिऱ्हाडांत कपडे वाळतात, तिथे ताईंची हातभर भट्टी, पाती घासायच्या पट्ट्याचं यंत्र आणि वस्तू घट्ट आवळून धरणारा व्हाइस दाटीवाटीने नांदत होती. एखादं फडकं वाळत घालण्याइतकीही जागा उरली नव्हती, आणि ताईंना त्याचं काही वाटत नव्हतं. बांधकामाच्या सळ्या तोडून पाहणाऱ्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढल्यावर निवृत्तीत माणसाने काहीतरी न तुटणारं करावं, एवढाच त्यांचा विचार होता. त्या सुऱ्या करत. वर्षाला जेमतेम दहा.

निरोपात एक फोटो होता. पोलादी टेबलावर ठेवलेली सुरी, आणि खाली: ‘आत्या, एकोणीस दिवस झाले, अजून धार तशीच. रात्रंदिवस खपून केलीस म्हणे माझ्यासाठी. इथे सगळे जळतात माझ्यावर.’

ताईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि फोटो मोठा केला.

भाचीसाठी सुरी करायची होती हे खरं. तीन महिन्यांपूर्वी कबूलही केलं होतं. पण पोलादाची पट्टी अजून कागदात गुंडाळलेलीच होती.

फोटोतल्या पात्यावर त्यांचं चिन्ह होतं. वर्तुळ, आणि त्याच्या पोटात एक आडवी रेघ. पण ते पाठीखाली, म्हणजे बिनधारेच्या कडेखाली, मधोमध असायला हवं, तर होतं मुठीला खेटून. आणि रंग राखाडी होता. ताईंचं चिन्ह राखाडी नसे. छापा चिकटवायचा, मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस त्यावर दाबायचा आणि विजेचा प्रवाह सोडायचा, हे कुणालाही जमतं. पण त्यांनी स्वतः बांधलेल्या डबीवर बटणाच्या दोन बाजू होत्या. एका बाजूला लिहिलं होतं ‘खोल’, दुसऱ्या बाजूला ‘काळं’. आधी खोल, मग काळं. नखाला अडतं ते त्यांचं चिन्ह. ज्याने हे केलं होतं त्याने फक्त ‘काळं’ दाबलं होतं. खोली न देता रंग चढवला होता.

असं करणारा माणूस घरात एकच होता.

त्यांनी टेबलाखालची पत्र्याची पेटी ओढली. झाकणावर खडूने ‘नापास’ लिहिलेलं होतं. आत पाच पाती असायला हवी होती. चार होती.

ही पाच पाती एकाच सकाळची. थंडीचे दिवस होते, भट्टी तापली होती, आणि ताईंनी कधी नव्हे ती घाई केली. तेल कोमट न करताच पात्यांना पाणी दिलं, म्हणजे लाल तापलेली पाती त्यात बुडवली. दोन पाती तेलात गेल्या गेल्या टिण् करून बोलली. बाकीची तीन गप्प राहिली, पण एका घाण्यात दोन तडकलेली निघाली तर उरलेल्या तिघांवर विश्वास ठेवण्याचं काहीच कारण नसतं. पाचही नापास. चिन्हाचा अर्थच तो होता. ती सही नव्हती, शोभाही नव्हती, ते एक विधान होतं: हे पातं मी वाकवून पाहिलं, काणशीने घासून पाहिलं, भिंगाखाली धरलं, आणि मला यात दोष सापडला नाही. दोष नाही, असं ताई कधी म्हणत नसत. सापडला नाही, एवढंच म्हणत.

त्यांनी भाचीला फोन लावला. निरोप पाळी सुरू होण्याआधीचा होता. इस्पितळाच्या ज्या स्वयंपाकघरात ती नुकतीच लागली होती तिथे कामाच्या वेळात फोन कुलपात ठेवतात, तो वाजत राहिला. स्वयंपाकघराच्या कचेरीत लावला, तोही कुणी उचलेना. मग त्या जिना चढून वर गेल्या.

धाकटा भाऊ, भाचीचा बाप, आरशासमोर टाय बांधत होता. घरोघरी पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकायचा तो, आणि समोरच्याला तहान नसली तरी लावायची हातोटी त्याच्याकडे होती.

“पेटीतलं पातं तू काढलंस?”

“कुठली पेटी?”

“जिच्यावर नापास लिहिलंय ती. तुला वाचता येतं, अशी माझी समजूत आहे.”

“अच्छा, ती.” तो आरशातूनच हसला. “सांगणारच होतो गं. पोरगी त्या सोमवारी कामावर हजर होणार होती, आणि तुझं आपलं ‘करते, करते’. तिला काय रिकाम्या हाताने पाठवू? तिथे प्रत्येकाची स्वतःची सुरी असते म्हणे.”

“मग बाजारातून घ्यायची.”

“बाजारातली कुणीही देईल. आत्याने केलेली म्हटल्यावर तिचा चेहरा बघायला हवा होतास. आणि श्रेय कुणाला दिलं? तुला. मूठ मी बसवली, सहाणेवर मी घासली, नाव मात्र तुझं. माझ्याइतका निःस्वार्थी माणूस दाखव बघू या इमारतीत.”

“चिन्ह मुठीपाशी का उमटवलंस?”

हा प्रश्न त्याला आवडला. तो वळला.

“ते होय. तिथे एक बारीक ओरखडा होता, केसासारखा. घासून जाईना. म्हटलं, चिन्हाने झाकू. आणि झाकला गेला की नाही? तू इतकी वर्षं करतेस, पण हे तुझ्या डोक्यात आलं नसतं.”

“नाही,” ताई म्हणाल्या. “माझ्या डोक्यात हे आलं नसतं.”

तळपायाची आग मस्तकाला जाणं हा वाक्प्रचार ताईंना नेहमी अशास्त्रीय वाटे. आज त्यांना त्यात तथ्य आढळलं. ती वाट खरोखर पायांपासून सुरू होत होती. घासून न जाणारा ओरखडा म्हणजे ओरखडा नव्हे. ओरखड्याला तळ असतो, चिरेला नसतो. म्हणजे गप्प राहिलेल्या तिघांपैकी एक गप्प नव्हतं, आणि त्याच्या चिरेवर या गृहस्थाने मिठाच्या पाण्याचा बोळा दाबून धरला होता. पाणी आत शिरलं असणार, प्रवाहाने कडा खाल्ल्या असणार. आणि वर शिक्का कसला? ‘यात मला दोष सापडला नाही.’ दोषाच्या बरोबर डोक्यावर.

“गाडीची किल्ली घे,” त्या म्हणाल्या.

“आत्ता? अगं, मला साडेअकराला एका घरी—”

“किल्ली.”

स्कूटरवर तो वाटभर बोलत होता. वाऱ्यामुळे निम्मं ऐकू येत नव्हतं, आणि उरलेलं निम्मं ऐकण्यासारखं नव्हतं. ताईचा स्वभावच असा आहे, असं तो म्हणत होता. तिला कुणाचं चांगलं बघवत नाही असं तो म्हणणार नव्हता, पण तिला कशावर विश्वास म्हणून ठेवता येत नाही. पोरगी खूश आहे, सुरी कापतेय, धार टिकलीय, मग अडचण कुठे आहे? एका चौकात गाडी थांबली तेव्हा तो मान वळवून म्हणाला, “मी सांगतो तिला. गोडीगुलाबीने. म्हणतो, आत्याला धार लावून द्यायचीय, दे दोन दिवस. मग तू काय ते बघ. तिला कशाला दुखवायचं?”

“म्हणजे अजून एक खोटं.”

“ताई, याला खोटं नाही म्हणत. याला घर चालवणं म्हणतात.”

गाडी पुन्हा सुटली. चीर मुठीपाशी होती. पातं तिथे मोडलं तर पुढचा तुकडा भाजीत अडकून राहतो आणि जोर लावणारा हात उरलेल्या बोथट टोकासकट तसाच खाली येतो. ज्या हाताने पाठ दाबलेली असते तो त्या मोडलेल्या कडेवर. यात शक्यता किती, हे त्यांना सांगता आलं नसतं. सांगता येत नाही, याचाच तर संताप होता.

स्वयंपाकघर एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला होतं. रुग्ण आणि कर्मचारी मिळून साडेचारशे ताटं दुपारी बाराच्या आत भरायची. पोलादी टेबलांची रांग, ओली फरशी, वाफेने घामेजलेल्या भिंती. सगळे ज्याला उस्ताद म्हणत तो मुख्य आचारी मधोमध उभा राहून, हातातल्या झाऱ्याने वाहतूक नियंत्रित करावी तसा माणसं इकडून तिकडे पाठवत होता. भाची टोकाच्या टेबलाशी होती. तिच्यापुढे लाल भोपळे होते, आणि ती अगदी शिकवल्याबरहुकूम काम करत होती: उजवा हात मुठीवर, डाव्या हाताचा तळवा पाठीवर मुठीलगत, आणि अंगाचा भार वरून.

तळवा बरोबर चिन्हाच्या वर होता.

“हात काढ,” ताई दारातूनच म्हणाल्या. इतक्या मोठ्याने त्या प्रयोगशाळेतही कधी बोलल्या नव्हत्या.

भाचीने दचकून हात काढला. मग ओळख पटून हसली. “आत्या? आणि बाबा पण? अरे, हीच बरं का माझी आत्या,” ती शेजारच्याला म्हणाली, “सुरीवाली.”

“सुरी टेबलावर ठेव. पाठीला हात लावू नकोस. तिला चीर आहे.”

“कसली चीर?”

“अगं, काही नाही,” धाकटा पुढे सरकला, चेहऱ्यावर धंद्याचं हसू. “आत्याला जरा धार—”

“तू गप्प बस,” ताई त्याला म्हणाल्या आणि भाचीकडे वळल्या. “हे पातं मी तुझ्यासाठी केलेलं नाही. तुझ्यासाठी मी अजून काहीच केलेलं नाही, ती माझी चूक. हे नापास झालेलं पातं आहे. पेटीत पडलं होतं. तुझ्या बाबाने उचललं, मूठ बसवली आणि वर माझं चिन्ह उमटवलं.”

भाचीने सुरीकडे पाहिलं, मग वडिलांकडे, आणि शेवटी पुन्हा आत्याकडे. तिच्या चेहऱ्यावर आधी आला तो राग नव्हता, शरम होती. गेले एकोणीस दिवस तिने ही सुरी सगळ्यांना दाखवली होती.

“पण चांगली चालतेय,” ती म्हणाली. “एकोणीस दिवसांत काही झालं नाही.”

“एकोणीस दिवसांत काही झालं नाही, हे एकोणीस दिवसांविषयीचं विधान आहे. विसाव्या दिवसाविषयी ते काहीही बोलत नाही.”

“बघ, बघ,” धाकटा म्हणाला. “हिच्याशी असं असतं. साधं बोलायची सोयच नाही.”

उस्ताद झारा घेऊन आला. “बाई, मला बाराला ताटं भरायचीत. चीर असेल तर दाखवा. नसेल तर पोरीला काम करू द्या.”

“उघड्या डोळ्यांना दिसणार नाही. वर चिन्ह आहे. मला थोडं गरम तेल, कोरडं फडकं आणि कॉर्नफ्लोअर द्या. तेल चिरेत शिरतं. वरून पुसून कोरडं केलं आणि पीठ भुरभुरलं, की आतलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पिठावर रेघ उठते. पाचेक मिनिटं लागतील.”

“आणि नाही उठली तर?”

“तर त्यावरून चीर नाही असं सिद्ध होत नाही.”

उस्ताद हसला. आजूबाजूचे दोघे-तिघेही हसले. “वा. म्हणजे रेघ आली तरी तुम्ही खऱ्या, नाही आली तरी तुम्हीच खऱ्या. आमच्या सासूबाईंचा हिशोब असाच असतो.”

ताईंना हे झोंबलं, कारण आक्षेप रास्त होता. दुसऱ्या कुणी असा दावा केला असता तर त्यांनीही नेमकं हेच विचारलं असतं. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. मग असं ठरवू. रेघ आली नाही, तर मी ही घरी नेऊन व्हाइसमध्ये वाकवते, तुम्ही सांगाल त्या माणसासमोर. मोडली नाही तर परत आणून देते आणि हिची माफी मागते. तोवर हिला तुमच्याकडची एखादी द्या.”

“हे ठीक,” उस्ताद म्हणाला, आणि त्याने कुणालातरी खुणावलं.

तेल आलं. ताईंनी चिन्हाच्या जागेवर ते चोळलं, थांबल्या, मग फडक्याने पुसून पुसून पातं इतकं कोरडं केलं की बोट फिरवल्यावर किरकिरलं. पीठ चाळणीतून भुरभुरवलं. वर्तुळ आणि रेघ दोन्ही पांढऱ्याखाली गेली.

मग थांबणं आलं. थांबायची ताईंना सवय होती. यंत्रात सळी ताणली जात असताना तासन्‌तास थांबत त्या. पण तिथे सळीशी त्यांचं नातं नसे.

“आत्या,” भाची म्हणाली. ती आता हात बांधून उभी होती. “नापास होती तर ठेवलीस कशाला?”

“तेच,” धाकटा म्हणाला. “मी हेच विचारणार होतो. वाईट होती तर मोडून टाकायची. घरात आकर्षक वस्तू ठेवायची, आणि कुणी उचलली की बोंब मारायची.”

ताईंनी पिठावरची नजर काढली नाही. प्रयोगशाळेत सळी नापास झाली की त्याच संध्याकाळी तिचे तुकडे व्हायचे. चौतीस वर्षांत एकही सळी दुसऱ्या सकाळपर्यंत राहिली नव्हती, आणि हा नियम त्यांनीच घालून दिला होता.

“दिसायला छान होती,” त्या शेवटी म्हणाल्या. “पाचही. आजवरची सगळ्यात छान. माझ्याने मोडवली नाहीत.”

“आणि मला तूच विचारत होतीस, वाचता येतं का म्हणून,” धाकटा म्हणाला.

“तुझा वाटा त्याने कमी होत नाही. मी आळस केला, मोह धरला. तू चीर पाहिलीस. पाहून झाकलीस.”

“ओरखडा पाहिला मी. ओरखडा. मला काय ठाऊक—”

“ठाऊक नव्हतं तर खालीच राहत होते मी. तेरा पायऱ्या. विचारलं का नाहीस?”

त्याने नजर भोपळ्यांकडे वळवली. विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच विचारलं नव्हतं. हे ताईंना दिसलं, आणि भाचीकडे पाहिल्यावर तिलाही दिसलेलं दिसलं.

“आली,” उस्ताद म्हणाला.

पांढऱ्या पिठात एक करडा दोरा उमटत होता. आधी तुटक, मग सलग. पात्याच्या पाठीपासून तो निघाला, चिन्ह जिथे होतं त्या जागेतून सरळ खाली आला आणि धारेच्या अलीकडे एका बोटावर थांबला. पिठाला तो ओला करत होता, अगदी निवांतपणे. अर्ध्याहून जास्त पातं चिरलेलं होतं. ताईंनी अंदाज केला होता त्यापेक्षा हे पुष्कळ अधिक होतं. पेटीत पडलेल्या पात्याची चीर वाढत नाही. ही एकोणीस दिवसांत वाढली होती, रोजच्या भोपळ्यागणिक.

मागे एका पातेल्याचं झाकण थरथरत होतं, ते कुणीतरी उचललं.

भाचीने फडकं घेतलं आणि पातं पुसलं. दोरा गेला, चिन्ह पुन्हा वर आलं, सुरी पुन्हा देखणी झाली. तिने ती मुठीकडून वडिलांपुढे केली.

“बाबा, तेवढा अर्धा भोपळा राहिलाय. कापून द्या.”

“मी?”

“तुम्हीच म्हणालात ना, काही नाही, ओरखडा आहे. मला कापून दाखवा. मग मी घरी काही बोलणार नाही.”

“अगं, माझे कपडे बघ. मला एका घरी—”

“एक काप.”

सगळे बघत होते. धाकटा हसला, सवयीने, आणि सुरी घेतली. भोपळ्यावर पातं टेकवलं. पाठीवर डावा हात ठेवला, मुठीलगत, पोरगी ठेवत होती तिथेच. भोपळ्याची साल जाड होती, आणि भार दिल्याशिवाय काही होणार नव्हतं. ताई एक पाऊल पुढे आल्या. ओरडायला त्यांनी तोंडही उघडलं होतं.

गरज पडली नाही. त्याचा डावा हात हळूच निघाला. आधी टोकाकडे सरकला, मग भोपळ्यावर गेला, मग टेबलाच्या कडेवर. उजव्या हाताने त्याने मूठ फक्त दोन बोटांत, अगदी शेवटाला धरली होती, एखादी गरम वस्तू धरावी तशी. पातं सालीत रुतलंही नव्हतं.

“हात ओले आहेत,” तो म्हणाला.

“मी एकोणीस दिवस तिथेच हात ठेवत होते, बाबा.”

तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर त्याला काहीतरी म्हणता आलं असतं. त्याने सुरी खाली ठेवली, ताईंकडे पाहिलं आणि परत पोरीकडे वळला. “ऐक ना. मूळ चूक तुझ्या आत्याची, तिने ती पेटीत—”

“तुम्ही जा आता. तुम्हाला कुठेतरी पोचायचंय ना.”

तो उभाच राहिला. मग टाय सारखा केला आणि निघाला. वाफेच्या पलीकडचं दार दोनदा झुलून बंद झालं.

उस्तादने मांडणीवरून प्लास्टिकच्या मुठीची एक सुरी काढून भाचीपुढे टाकली. मुठीवर रंगाने आकडा लिहिलेला होता, आणि पात्यावर काहीच नव्हतं. तिने बोटाने धार पाहिली, तोंड वाकडं केलं आणि भोपळा पुढे ओढला.

ताईंनी चिरलेली सुरी फडक्यात गुंडाळली. आता ही कुठे ठेवायची, असा प्रश्न नव्हता. घरी जायचं, पाचही पाती व्हाइसमध्ये धरायची आणि मोडायची. धाकट्याला काय काय सुनवायचं, तेही तयार होतं, क्रमवार. सकाळपासून जमवलेल्या रागाला आता कुठे नीट वाट मिळणार होती. त्या दाराकडे वळल्या.

“आत्या, तू थांब,” भाची म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. “तीन महिने ‘करते करते’ म्हणालीस ते, आणि छान दिसते म्हणून ठेवलीस ते. त्यावर मला बोलायचंय. ताटं भरून होईपर्यंत बस.”

ताई दारापासून मागे फिरल्या. पिठाच्या पोत्यांशेजारी एक स्टूल होतं. मांडीवर फडकं घेऊन त्या त्यावर बसल्या, आणि भाचीचा डावा हात त्या नव्या पात्याच्या पाठीवर कुठे टेकतो ते पाहत राहिल्या.